तोच विषाणू, तेच घर. मग एकजण वाचतो कसा?

कुंभकोणमचे नाव काढले की कावेरीकाठची गोपुरे, दर बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा आणि पितळी पेल्यातली फेसाळ डिग्री कॉफी आठवते. मराठी माणसाने आणखी एक गोष्ट आठवायला हरकत नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी एका मराठी घराण्यात जन्मले. परंतु जुन्या मद्रास इलाख्यातील डॉक्टर मंडळींना हे गाव ठाऊक होते ते निराळ्याच कारणाने. ते कारण म्हणजे हत्तीपाय.

साचलेल्या घाण पाण्यात वाढणारे डास या रोगाचे सूक्ष्म कृमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतात. डास सगळ्यांनाच चावत. तरीही एकाच ओसरीवर झोपणाऱ्यांपैकी एकाचा पाय सुजून खांबासारखा होई, दुसऱ्याच्या रक्तात कृमी सापडत पण त्याला कसलाच त्रास नसे आणि तिसऱ्याच्या रक्तात काहीच सापडत नसे. ज्याला त्रास झाला त्याचे पूर्वजन्मीचे पाप आणि जो वाचला त्याची पुण्याई, असा सरळ हिशेब लोक करीत.

या गावातले शल्यचिकित्सक डॉ. एम. के. सांबशिवन यांनी तो हिशेब बाजूला ठेवला आणि गावकऱ्यांना हाताशी धरून डासांची पैदास थांबवण्याची मोहीम काढली. त्यांचे चिरंजीव पुढे जनुकशास्त्र शिकले. तेच हरितक्रांतीचे एम. एस. स्वामिनाथन. त्यांचाही जन्म कुंभकोणमचा, १९२५ सालचा. बापाने डास पाहिले, लेकाने जनुके. रोग कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, या प्रश्नाची ही दोन्ही टोके एकाच घरात सापडावीत हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

हाच प्रश्न गेली चाळीस वर्षे एचआयव्हीच्या बाबतीत विचारला जात आहे. नवरा बाधित, बायकोची तपासणी मात्र वर्षानुवर्षे निर्दोष. आई बाधित, मूल ठणठणीत. दोघांना एकाच सुमारास लागण झाली, पण एकजण पाच वर्षांत खंगला आणि दुसरा पंधरा वर्षे औषधाशिवाय हिंडत-फिरत राहिला. असे का व्हावे? उत्तराचा एक भाग आपल्या जनुकांत आहे. पण केवढा भाग, हे नीट समजून घेतले नाही तर घरात मोठा अन्याय होतो आणि तो बहुधा बाईवरच होतो.

गायतोंड्यांची लेक

भारतातील एचआयव्हीची गोष्ट तामिळनाडूतच सुरू झाली आणि ती सुरू करण्यात एका मराठी मुलीचा हात होता. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या गायतोंडे कुटुंबातील सुनीती लग्नानंतर डॉ. सुनीती सॉलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. एड्स हा परदेशातला, परदेशी वागणुकीचा रोग आहे, आपल्या संस्कृतीत तो शिरणार नाही, असे तेव्हा बडी बडी माणसे छातीठोकपणे सांगत होती. डॉ. सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला विषय दिला : तपासून तर पाहा.

निर्मलाबाईंनी मद्रासमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते ठेवायला प्रयोगशाळेत सोय नव्हती, म्हणून काही काळ घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. १९८६च्या फेब्रुवारीत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि सहा नमुन्यांत विषाणूची खूण सापडली. त्या वर्षी मे महिन्यात तामिळनाडूच्या विधानसभेत ही बातमी जाहीर करावी लागली. पुढे १९९३ मध्ये डॉ. सॉलोमन यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र, म्हणजेच वायआरजी केअर, ही संस्था काढली. एचआयव्ही म्हटले की खाजगी दवाखाने दार लावून घेत असत, त्या काळात या संस्थेने हजारो कुटुंबांवर उपचार केले. नवरा बाधित आणि बायको निर्दोष, किंवा याच्या उलट, अशी जोडपी तिथे रोज येत.

ज्याच्या दाराला कडीच नाही

एचआयव्ही आपल्या रक्तातील ज्या पेशीत शिरतो, ती आपल्याच संरक्षक दलातली असते. तिला टी पेशी म्हणतात. आत शिरण्यासाठी विषाणूला पेशीच्या अंगावरील दोन कड्या धराव्या लागतात. त्यांपैकी दुसरीचे नाव सीसीआर ५.

न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा जोडीदार एड्सच्या अगदी पहिल्या लाटेत, १९८२ मध्ये गेला. पाठोपाठ कितीतरी मित्र गेले. क्रोनला मात्र काहीच होईना. तो स्वतःहून शास्त्रज्ञांकडे गेला आणि माझ्यात काय आहे ते शोधा म्हणाला. त्यांनी त्याच्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत घेतल्या आणि त्यांवर विषाणूचा मारा केला, तरी विषाणू आत शिरेना. १९९६ साली उलगडा झाला. क्रोनच्या सीसीआर ५ च्या जनुकातील ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला होता, आणि आई व बाप दोघांकडूनही त्याला हाच अपुरा जनुक मिळाला होता. त्यामुळे पेशीच्या दाराला कडीच तयार होत नव्हती. (सगळ्यांना पुरून उरल्याचे दुःख मात्र त्याच्या वाट्याला आले. २०१३ साली त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले.)

बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन या एचआयव्हीबाधित रुग्णाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी याच जनुकाचा दाता मुद्दाम शोधून काढला आणि २००७ मध्ये अस्थिमज्जेतील मूळ पेशींचे रोपण केले. वर्षभराने ते पुन्हा करावे लागले. एचआयव्ही गेला तो परत आला नाही. २०२० मध्ये ब्राउन वारला तो कर्करोग उलटल्यामुळे. नंतर आणखी काही रुग्ण अशाच उपायाने बरे झाले आहेत. मात्र हे रोपण इतके जिवावरचे आहे की कर्करोगासारखे दुसरे कारण असल्याशिवाय कोणी ते करणार नाही.

वर्तमानपत्रांतून या जनुकाची वर्णने आली की आपल्याकडेही लोक विचारतात, आमच्यात असेल का हो? उत्तर जवळजवळ नाही असेच आहे. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत साधारण एकाला हा जनुक दोन्ही बाजूंनी मिळतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्याने देशातील निरनिराळ्या जाती-जमातींची तपासणी करून २००१ साली लिहिले, की भारतातील बहुतेक समाजांत तो सापडतच नाही. तेव्हा क्रोनची गोष्ट आपण ऐकावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

उंबऱ्यावर ठेवलेली वाटी

आपल्याकडे आहे ते निराळेच, आणि माझ्या मते अधिक नवलाचे. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक गट आहे. त्याला एचएलए म्हणतात. मूत्रपिंडाचे रोपण करण्याआधी नात्यातील दाता जुळतो का पाहतात, तेव्हा हेच जुळवून पाहतात. म्हणून शब्द अनेकांच्या कानावरून गेलेला असतो.

त्याचे काम असे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजते आहे त्याचा चिमूटभर नमुना एका वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवते. गस्त घालणाऱ्या मारेकरी पेशी येता-जाता या वाट्या पाहतात. घरचेच अन्न असेल तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी तिच्यातल्या विषाणूसकट मारून टाकतात. एचएलए म्हणजे ही वाटी. प्रत्येक माणसाला आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच मिळतो. वाट्यांचे आकार हजारो प्रकारचे आहेत आणि एका आकाराच्या वाटीत विषाणूचे ठराविक तुकडेच बसतात.

कोणता तुकडा बसतो, यावर सगळे अवलंबून. एचआयव्ही बहुरूपी आहे. अंगावरचे कवच तो इतक्या वेळा बदलतो की त्याच्यावरची लस शोधणारे दमून गेले. पण त्याच्या गाभ्यातील काही भाग असे आहेत की तिथे बदल केला तर तो स्वतःच लुळा पडतो. चोराला कपडे बदलता येतात, चाल बदलता येत नाही, तसे. बी ५७ आणि बी २७ या नावाच्या वाट्यांत नेमके हे गाभ्यातले तुकडे बसतात. त्यामुळे ज्यांच्याकडे या वाट्या आहेत त्यांना लागण झाली, तरी त्यांतल्या अनेकांचे शरीर विषाणूला बरीच वर्षे दाबून ठेवते. उलट बी ३५ या वाटीच्या काही जातींचा उपयोग होत नाही आणि आजार लवकर बळावतो. २०१० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने औषधाशिवाय विषाणूला काबूत ठेवणाऱ्या सुमारे हजार माणसांची जनुके, आजार बळावलेल्या अडीच हजारांहून अधिक माणसांशी ताडून पाहिली. संपूर्ण जनुकसंचात ठळक फरक निघाला तो याच जागी, वाटीच्या तळातील मोजक्या घटकांत.

मात्र इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बी ५७ मुळे लागण टळत नाही. दार उघडेच असते, फक्त घरात शिरलेल्या चोराला लवकर हेरले जाते. आणि चोरही हळूहळू शिकतो. कधीतरी तो लंगडत का होईना, चाल बदलतो.

शिवाय निसर्ग काहीही फुकट देत नाही. बी २७ असणाऱ्यांना पाठीचा कणा ताठ होत जाणाऱ्या संधिवाताचा धोका जास्त असतो. तरुण मुलगा सकाळी उठताना पाठ धरून बसतो, तेव्हा डॉक्टर जी बी २७ ची तपासणी लिहून देतात ती हीच. बी ५७ ची एक जात, ०१ क्रमांकाची, भारतात बऱ्यापैकी आढळते. ती असणाऱ्याने एचआयव्हीवरचे अबाकावीर हे औषध घेतले तर ताप, पुरळ, उलट्या असा जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. असा त्रास होऊन एकदा बंद केलेले हे औषध पुन्हा कधीही घ्यायचे नसते. जी वाटी विषाणू पकडते, तीच औषधाने बिथरते.

सोयरीक आणि जनुके

आता पुन्हा कुंभकोणमकडे वळू. या एका गावात तमिळ अय्यर राहतात, रेशीम विणणारे सौराष्ट्री राहतात, तंजावरी मराठी बोलणारी घरे आहेत. शतकानुशतके एकाच नदीचे पाणी पिऊन त्यांच्या सोयरिकी मात्र आपापल्यातच होत आल्या. दक्षिणेत मामा-भाचीचे लग्नही रूढ होते, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो असे म्हणतातच. मदुराईच्या कामराज विद्यापीठात आर. एम. पिचप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून अय्यर, सौराष्ट्री, यादव, पिरमलै कल्लर अशा समाजांच्या एचएलए वाट्या तपासल्या. शेजारी राहणाऱ्या समाजांत या वाट्यांचे प्रमाण वेगवेगळे निघाले. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या संस्थेतही एचआयव्हीबाधितांच्या आणि निरोगी माणसांच्या वाट्यांची तुलना झाली. पाश्चात्त्यांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे या कामातून दिसत गेले. आपल्याकडचा विषाणूही बहुतांशी क गटातला, युरोप-अमेरिकेतला ब गटातला.

वाट्या जितक्या निरनिराळ्या आकाराच्या, तितका शरीराचा फायदा. १९९९ साली असे दिसून आले की ज्यांना आई-वडिलांकडून सारख्याच वाट्या मिळाल्या, त्यांचा आजार लवकर बळावला. झांबिया देशातील जोडप्यांच्या अभ्यासात आणखी एक विलक्षण गोष्ट २००४ मध्ये समोर आली. नवरा-बायकोंच्या बी वाट्यांत साम्य असेल तर एकाकडून दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण अधिक होते. कारण समजायला सोपे आहे. नवऱ्याच्या शरीरात राहून विषाणू त्याच्या वाट्यांना चुकवायला शिकलेला असतो. बायकोच्याही वाट्या तशाच असतील तर तो तयारीनेच येतो. नैरोबीत आई आणि बाळाच्या बाबतीतही असेच आढळले होते. बाळाच्या वाट्या आईशी जितक्या अधिक जुळतात, तितकी लागण सोपी. एरवी औषध न घेणाऱ्या बाधित मातांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे औषधाविनाही निम्म्याहून अधिक बाळे वाचतात, ती का वाचतात याचे हे एक उत्तर.

यावरून नात्यातल्या लग्नाने एड्स होतो, असा अर्थ कोणी काढू नये. एड्स होतो तो विषाणूने. जनुके फक्त पारडे थोडे इकडे-तिकडे झुकवतात.

किती थोडे, हे नैरोबीच्याच दुसऱ्या अभ्यासातून कळते. तिथल्या मजेंगो वस्तीत देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रिया वर्षानुवर्षे लागण न होता राहिल्या. कॅनडाचे फ्रँक प्लमर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास करीत होते. या स्त्रियांच्या काही विशिष्ट वाट्याही सापडल्या. जग आनंदले. मग त्यांतल्या काही स्त्रियांनी काही काळ तो व्यवसाय बंद ठेवला, पुन्हा सुरू केला, आणि त्यांना लागण झाली. जनुके तर तीच होती.

सुनेवरचा आळ

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ, कारण हा सगळा खटाटोप शेवटी तिथे पोहोचतो.

नवऱ्याला एचआयव्ही निघाला आणि बायको निर्दोष निघाली, की घरात दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. एक म्हणजे, हिला काही होत नाही, हिचे रक्तच घट्ट आहे. मग काळजी कशाला? आणि दुसरे त्याहून वाईट. एकीला झाले नाही आणि दुसऱ्या घरातल्या सुनेला झाले, तर दोष तिच्यात असला पाहिजे. तिची शक्ती कमी, नाहीतर तिची चाल वाईट. जनुकांच्या अर्धवट बातम्या वाचून अलीकडे या जुन्या आळाला शास्त्राचा मुलामा मिळू लागला आहे.

खरी हकीकत पुण्याच्या डॉक्टरांनी केव्हाच मांडली आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रयाशी काही संबंध नसलेल्या, बहुतांशी विवाहित आणि एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या स्त्रियांत १३.६ टक्के बाधित निघाल्या. चेन्नईत डॉ. सॉलोमन यांच्या केंद्रातही हेच चित्र होते. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाधित स्त्रियांपैकी ८१ टक्के गृहिणी होत्या आणि ८८ टक्के स्त्रियांचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता. या बायकांना लागण झाली ती लग्नामुळे. वाटीचा आकार त्यात फार खाली येतो.

आणि ज्या वाचल्या, त्यांचे काय? त्यांतल्या बहुतेकींच्या अंगी कसलेही खास जनुक नसते. एका संबंधात नवऱ्याकडून बायकोला लागण होण्याची शक्यता सरासरीने हजारात एखादी, इतकी कमी असते. पण ही सरासरी फसवी आहे. नवऱ्याला नुकतीच लागण झालेली असेल, त्याच्या रक्तात विषाणू जास्त असतील किंवा दोघांपैकी एकाला दुसरा गुप्तरोग असेल, तर ती कितीतरी पटींनी वाढते. शिवाय ती दर वेळी नव्याने लागू होते. दहा वर्षे निर्दोष निघालेल्या बाईला अकराव्या वर्षी लागण होऊ शकते. मजेंगोच्या स्त्रियांचे उदाहरण वर आलेच आहे. म्हणून तुम्हाला संरक्षण देणारे जनुक आहे का, हे पाहण्यासाठी पैसे खर्चून तपासणी करणे म्हणजे पावसात छत्री घरी ठेवून पत्रिका पाहण्यासारखे आहे.

छत्री कोणती, हे २०११ मध्ये पक्के झाले, आणि त्यात पुणे-चेन्नईच्या जोडप्यांचा वाटा आहे. एक बाधित, एक निर्दोष अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक चाचणी झाली. भारतात ती पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईचे वायआरजी केअर यांच्याकडे होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. २०१६ मध्ये युरोपातील ८८८ जोडप्यांचा अभ्यास आला. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आणलेल्या एकाही जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाली नव्हती. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले, तर शंभरातल्या पाचांहून कमी बाळांना लागण होते. बी ५७ जन्मभर जे करण्याची धडपड करते, ते ही रोजची गोळी करून दाखवते, आणि ती कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वाटीच्या माणसाला लागू पडते.

ही औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात. तपासणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रात होते, आणि १०९७ या क्रमांकावर फोन करून जवळचे केंद्र विचारता येते. २०१७ च्या कायद्यानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, माणसाच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. बाधित आहे म्हणून नोकरीतून, शाळेतून किंवा राहत्या घरातून काढता येत नाही. सासरच्या घरात राहण्याचा बाईचा हक्कही त्यात येतो. पुष्कळ सुनांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

डॉ. सुनीती सॉलोमन २०१५ साली वारल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अखेरच्या वर्षांत त्यांनी एक काम हौसेने हाती घेतले होते, ते म्हणजे आपल्या बाधित रुग्णांची लग्ने जमवण्याचे. त्यावर ‘लव्हसिक’ नावाचा माहितीपटही निघाला आहे. मुला-मुलीची स्थळे त्या आपल्या कोणत्याही वधू-वर सूचक मंडळासारख्याच जुळवीत. धर्म, शिक्षण, मिळकत सारे पाहत. फक्त त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहत : रक्तात टी पेशी किती आहेत आणि विषाणू किती.